माझ्या पुढं चाललेली सायकल

राम राम. मी ज्ञानोबा. चौसाळ्याच्या जवळ आमची वस्ती हाय, जन्म तिथलाच. शाळा चौथीपर्यंत, ती बी मास्तर वर ढकलत गेले म्हणून. हे लिवायला थोरल्या पोराच्या पोरीनं मोबाईल हातात दिलाय... बोललं की अक्षरं उमटतात. चुकलंमाकलं ती दुरुस्त करती, पण माझी बोली बदलायची न्हाई आसा तिला दम दिलेला हाय.

पहिली गोष्ट, भुताखेताला मी मानत न्हाई. उभ्या जन्मात मानलं न्हाई. मी सायकलवर दूध घालायचो. दोन्हीकडं कॅन लटकवून पहाटे अंधारात वस्तीवरनं निघायचं, ते मसणवट्याच्या कडंकडंनं चौसाळ्याला. लोक म्हणायचे, ज्ञानोबा तिकडून जाऊ नको बे, दूध नासंल. माझं दूध कधी नासलं न्हाई. एकदा वड्याकाठच्या चिंचंवर हडळ दिसती म्हणून सगळं गाव गोळा झालं. मी धोतर खोचून झाडावर चढलो आन फांदीत आडकलेलं युरियाचं पोतं खाली फेकलं. म्हणलं, घ्या तुमची हडळ, धुऊन वापरा. तवापासून आसल्या गोष्टी माझ्यासमोर कुणी सांगत न्हाई.

मोबाईलवर ह्या भुताखेताच्या पानावर लोक काय काय लिवतात ते नात वाचून दाखवती. मी हसतो. म्हणून आज मीच लिवायला बसलो तर घरातले टकामका बघाया लागलेत. बघू द्या.

माझी धाकटी लेक मंगल. बीडला मास्तरीण हाय. तिला साखरेचा आजार हाय... गोळ्यावाला न्हाई, सुईवाला. पोटात सुई टोचून घ्यावी लागती आन टोचली की वेळेवर खावं लागतं. न्हाई खाल्लं तर साखर एकदम खाली जाती, माणूस बरळतं, घाम सुटतो आन पडतं. मी हे घरी एकदा डोळ्यानं बघितलेलं हाय. तर तिच्या साखरेच्या डॉक्टरनं तिला सांगितलं व्यायाम करा, म्हणून तिनं सायकल घेतली आन बीडच्या एका सायकलवाल्या ग्रुपात घुसली. वकील, मास्तर, दुकानदार, चार-पाच बाया... रविवारी सकाळी पिवळे शर्ट घालून निघायचे. मंगलला लई आवड लागली.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मोठी ट्रीप काढली. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, तिथून धर्मापुरीचं जुनं मंदिर, मग परळी आन परत. मंगल म्हणली, मी जाणार. आमच्या म्हातारीनं, मंगलच्या आईनं, जेवण सोडलं. "पोरगी रस्त्यात पडली तर कोण बघंल?" मी म्हणलं, मी जातो संगं. सगळे हसले. ह्या वयात? मी म्हणलं, तुमच्या त्या गेअरवाल्या सायकली जन्मायच्या आधीपासून मी पायडल मारतोय.

म्हातारीनं निघताना एकच सांगितलं, "तिला नजरेआड करू नका."

आन मंगलनं दुसरंच सांगितलं. "आबा, ग्रुपात कुणाला माझ्या सुईचं माहीत न्हाई. सांगितलं तर मला लांबच्या ट्रीपला घेणार न्हाईत. तुमी बोलायचं न्हाई. माझी शपथ."

मी शपथ घेतली. झालं.

ग्रुपचे कॅप्टन म्हणजे देशमुख डॉक्टर. माणूस शिस्तीचा. माझी काळी सायकल बघून आधी नाक मुरडलं, पण मंगलकडं बघून हो म्हणले. सतीश म्हणून एक मोबाईल दुकानवाला, त्याच्या जिभेला हाड न्हाई. मला बघितलं की सुरू.

"आबा, सायकलीला पासिंग हाय का? आरटीओ धरंल."

"तुझ्या सायकलीला स्टँड हाय का बे? झोपवावी लागती लेकराला झोपवल्यावानी."

पहिल्याच दिवशी आमची दोस्ती झाली. मांजरसुंब्याच्या पुढं चढाला तो उतरून ढकलत होता आन मी बसून गेलो, तवापासून तो बी मला आबा म्हणताना जरा नीट म्हणायला लागला.

आता त्यांच्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच हाय. सगळ्यात मागं जो चालतो त्याला ते स्वीप म्हणतात. झाडूवाला म्हणा. त्याचं काम एकच, त्याच्या मागं कुणी राहिलं न्हाई पाहिजे. कुणी थांबलं की त्यानं थांबायचं. कुणाला आडबाजूला जायचं आसलं तर सायकल रस्त्याच्या कडंला दिसंल आशी लावायची आन हेल्मेट हँडलला आडकवायचं, म्हणजे स्वीपला कळतं की माणूस हितं हाय. मी सावकाश चालतो आन थकत न्हाई म्हणून डॉक्टरनं ते काम मला दिलं. मला बरंच वाटलं. मंगल बी मागंच चालायची, म्हणजे ती कायम माझ्या डोळ्यापुढं.

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून निघताना गडबड झाली. मंगलनं खोलीत सुई घेतली आन खाली आली तर सगळे निघायच्या बेतात. पोह्याची बशी हातात घेतली, दोन घास खाल्ले, आन खाली ठेवली.

मी जवळ गेलो. "मंगल, पुरं खा."

"खाल्लं आबा. हळू बोला."

"दोन घास काय खाणं हाय का?"

"खिशात बिस्किटं हायत. आबा, लोक बघायलेत..."

मी गप बसलो. पण दर वळणाला मी बघायचो, ही नीट चालती का. चढाला तिचा दम ऐकायचो. घाटनांदूरला चहा झाला. तिथं तिनं बिस्किटं खाल्ली का ते मी बघू शकलो न्हाई, बाया एकीकडं बसल्या होत्या. विचारलं तर म्हणली, "व्हय व्हय." तिचं व्हय व्हय मला माहीत हाय. लहानपणी बी शाळेचा अभ्यास झाला का म्हणलं की आसंच म्हणायची.

घाटनांदूरच्या पुढं डॉक्टरनं आतला रस्ता धरला. मोठ्या रस्त्याला ट्रक लई. आतला रस्ता म्हणजे चढ-उतार, चढ-उतार, दोन्हीकडं तूर आन ज्वारी. माणूस कुठं न्हाई. त्या दिवसात आमच्या भागात गावं मोकळीच आसतात, टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या, वस्त्यांवर म्हातारीकोतारी आन कुत्री. मोबाईलला रेंज न्हाई. सामानाचं पिकअप रोज आमच्या मागं चालायचं, पण त्या दिवशी जेवण शिजवायचं म्हणून डॉक्टरनं त्याला पुढं धर्मापुरीला धाडलं होतं.

म्हणजे सगळ्यात मागं मी. माझ्या मागं कुणी न्हाई.

एका चढाच्या पायथ्याला माझी चेन पडली. मंगल थांबली. मी म्हणलं, "तू हो पुढं, उनात उभी राहू नको. सावकाश चाल, मी आलोच."

ती गेली. चढावरनं पलीकडं उतरताना दिसली आन मग दिसंना. मी चेन बसवली, हात मातीनं पुसले आन निघालो. लई वेळ न्हाई लागला. पण नजरेआड झाली ती झालीच, म्हणून मी चढ उभ्यानं मारला.

वर आलो तर पुढं उतारावर मंगल चाललेली. जीव भांड्यात पडला.

आता नीट ऐका. पिवळा शर्ट सगळ्यांचाच होता. तोंडाला पांढरा स्टोल, वर हेल्मेट, हे बी सगळ्या बायांचं एकसारखं. म्हणून लोक मला म्हणतात, दुसरी कुणी बाई आसंल. पण मंगल लहानपणी बैलगाडीतनं पडली होती आन तिचा डावा हात मोडला होता. हाडवैद्यानं बसवला तो जरा वाकडा बसला. सायकल चालवताना तिचं डावं कोपर बाहेर राहतं, कोंबडीनं पंख आर्धा उघडावा तसं. ते कोपर मी ओळखतो. पुढं चाललेल्या बाईचं कोपर तसंच बाहेर होतं.

उताराच्या तळाला एक नळीचा पूल हाय, खाली शिमिटाची नळी टाकलेला. बाजूला पाण्याची खोल चारी, चारीच्या पलीकडं तूर. मी तिथं पोचलो तवा तुरीच्या कडंला मला काहीतरी पांढरं दिसलं. कापड. आन खाली बाईमाणसाचा पाय... हललेला.

मी मान फिरवली.

आमच्यात रीत हाय. बाईमाणूस आडोशाला गेलेलं दिसलं की पुरुषानं तिकडं बघायचं न्हाई, मान खाली घालून सरळ निघायचं, आन घंटी वाजवायची म्हणजे तिला कळतं की माणूस चाललाय. मला वाटलं शेतातली कुणी बाई हाय. रस्त्याच्या कडंला सायकल न्हाई, हेल्मेट लटकवलेलं न्हाई. आन माझी मंगल तर पुढं चाललेली, दिसतीच हाय की डोळ्याला. मी घंटी वाजवली आन पूल ओलांडून गेलो. काही आवाज आल्यासारखा वाटला. मी न्हाई बघितलं. भला माणूस बघत न्हाई.

पुढचा चढ सुरू झाला. मंगल चढाच्या मध्यावर. मी हाक मारली, "मंगल! थांब जरा, पाणी पी!"

तिनं मागं बघितलं न्हाई.

मी जोर लावला. अंतर तेवढंच. माझी छाती फुटायला आली, तरी तेवढंच. मग मी वैतागून सावकाश चाललो. तर ती बी पुढं गेली न्हाई. तेवढंच अंतर. त्या वेळी मला त्यात काही वेगळं वाटलं न्हाई, खरं सांगतो. मला वाटलं माझ्यासाठीच हळू चालतीय आन राग आलाय म्हणून बोलत न्हाई. सकाळी पोह्यावरून मी सगळ्यांसमोर टोकलं होतं ना.

पण मग एक गोष्ट टोचायला लागली. चढाला मंगल हमेशा उतरती. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक चढाला उतरलेली. आन आता एकामागं एक चढ बसून चढायली, आन खांदे हलत न्हाईत. सायकल चालवताना माणसाचे खांदे हलतात. दमलं की जास्तच हलतात. तिचं आंग आसं, पाटावर बसल्यावानी.

"मंगे! अगं बोल की!"

काही न्हाई. वारा बी न्हाई. माझ्या सायकलीची कुरकुर तेवढी ऐकू यायची. तिच्या सायकलीचा आवाज येत होता का, ते मला आज सांगता येत न्हाई.

मधी रस्त्याला लागून एक झोपडं लागलं. दारात एक म्हातारी शेरडं राखीत बसलेली. मला तहान लई लागली होती, बाटली संपलेली. मी एक पाय टेकवला. म्हणलं, "माय, पाणी दे घोटभर."

ती तांब्या घेऊन आली, पण द्यायच्या आधी म्हणली, "तू तिचा बाप का रं?"

"कुणाचा?"

"ही आता गेली ना सायकलवाली. म्हणली, मागून माझा बाप येतोय. थांबला तर म्हणावं बसू नको, तसाच चल."

"थांबली होती का ती?"

"थांबली कुठं. चालता चालताच बोलली."

मी घोट घेतला. मान वर केली तर पुढच्या वळणावर पिवळा शर्ट दिसतच होता. एवढं बोलणं झालं, पाणी झालं, तरी ती तेवढ्याच अंतरावर. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. लेकीला काळजी हाय म्हणलं. तांब्या दिला आन निघालो.

धर्मापुरी आली. गावाच्या तोंडाशी रस्ता वळतो, तिथं ती वळली. मी वळलो तर समोर झाडाखाली आमचं पिकअप, पिठल्याचा वास, सगळे पालथे पडलेले. सतीश टाळ्या वाजवायला लागला.

"आले! आबा आले! भाकरी लपवा रे!"

मी सायकल लावली. "मंगल कुठं गेली?"

"तुमच्यासंगं हाय ना?"

"माझ्या पुढं आली की आत्ता. ह्याच वळणावरनं."

सतीशचं हसू गेलं न्हाई अजून. "आबा, आमी इथंच बसलोय. कुणी आलं न्हाई."

"तुमचं ध्यान जेवणाकडं. गावात गेली आसंल, बघा."

बाया बघायला गेल्या. मंदिराकडं बघितलं, हापशावर बघितलं, एका घरात विचारलं. न्हाई. देशमुख डॉक्टर उठून माझ्याजवळ आले. "आबा, तुमी शेवटचं तिला कुठं बघितलं?"

"आत्ता हो! हितं! वळणावर!"

"जवळून? तोंड बघितलं?"

"माझी लेक मला तोंड बघून ओळखावी लागती का?"

मी अडून बसलो. गावातच हाय म्हणलं, दुसरीकडं शोधू नका. कितीतरी वेळ मी तेच तेच बोलत होतो आन लोक माझं वय बघून गप ऐकत होते. तेवढ्यात डॉक्टर आवाज बारीक करून म्हणले, "आबा, तिला काही त्रास हाय का? बीपी, शुगर? चहाच्या वेळी तिचे हात थरथरत होते."

 शपथ होती. लेकीची शपथ. मोडली तर तिचंच बरंवाईट होतं म्हणतात... मी आसलं मानत न्हाई म्हणून सांगितलं ना तुमाला वर? त्या वेळी माझी जीभ उचलंना. मी जमिनीकडं बघत उभा राहिलो.

"आबा!" डॉक्टर ओरडले.

"सुई घेती ती," मी म्हणलं. "सकाळी घेतली. खाल्लं न्हाई काही."

डॉक्टरनं औषधाची पेटी उचलली, पिकअपवाल्याला हाक मारली. मला हाताला धरून पुढं बसवलं. सतीश मागं चढला. मी तरी म्हणतच होतो, "उगा मागं चाललो आपण, ती पुढं हाय..." सतीश मागून म्हणला, "आबा, आता गप बसा." त्या पोरानं मला तसं बोलायची ती पहिली वेळ.

दोन्हीकडं बघत चाललो. झोपडं गेलं. चढ गेले. आन नळीचा पूल दिसला तवा माझ्या डोळ्यापुढं ते पांढरं कापड आलं. मी म्हणलं, "थांबवा." नीट म्हणता बी आलं न्हाई. दार उघडून मी चालत्या गाडीतनं उतरलो.

सायकल चारीत पडलेली होती, गवतात, रस्त्यावरनं दिसत न्हाई. आन तुरीच्या कडंला मंगल. पांढरा स्टोल सुटून तुरीला आडकलेला. हेल्मेट डोक्यातच. आंग घामानं भिजलेलं आन गार. दातखिळी बसलेली.

डॉक्टरनं शीर शोधून ग्लुकोजची सुई दिली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सतीश डोक्यावर सावलीला शर्ट धरून उभा होता आन रडत होता, त्याला स्वतःला कळत नव्हतं. किती वेळ गेला... मग तिच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले. माझ्याकडं बघत राहिली. आन पहिलं काय बोलली आसंल?

"आबा, तुमी माझ्याकडं बघून तोंड फिरवून गेले."

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मी हाका मारल्या. तुमी घंटी वाजवली आन गेले."

"मला वाटलं तू पुढं हायस, बाळा. तू पुढं चालली होतीस."

 डॉक्टर म्हणले बोलू नका. तरी ती म्हणली, "पुढं ती होती. माझा शर्ट घातलेली. तिनं पण बघितलं माझ्याकडं. ती थांबली होती, तुमी चढावरनं दिसेपर्यंत. मग चालायला लागली."

सतीशचा हात खाली आला. तिच्या तोंडावर ऊन पडलं तवा त्यानं परत शर्ट धरला.

तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती चांगली झाली, उठून बसली, मला शिव्या घातल्या की शपथ मोडली म्हणून. मी तिला विचारलं, तू आसं आसं बोललीस. तिला काहीच आठवत न्हाई. चारीत पडली तिथंपर्यंतच आठवतं. "मी आसं म्हणलं? कायतरीच," म्हणून हसली.

देशमुख डॉक्टरनं मला समजावून सांगितलं. माणूस चांगला, त्यानं माझी टिंगल केली न्हाई. म्हणले, साखर उतरली की माणसाला भास होतात, ती काही बी बोलंल. आन तुमी काळजीत होते, दमलेले होते, ऊन होतं, तुमाला जे बघायचं होतं तेच दिसलं. मी म्हणलं, आन झोपड्यातली म्हातारी? तर माझी सायकल आणायला गाडीनं धर्मापुरीला गेलो तवा आमी मुद्दाम तिथं थांबलो. तिनं पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. डॉक्टरनं तिच्या डोळ्यात टॉर्च मारून बघितला आन बाहेर येऊन म्हणले, "मोतीबिंदू हाय आबा, दोन्ही डोळ्यात." मी म्हणलं, कानात बी मोतीबिंदू हाय का तिच्या? टॉर्च खिशात घालून ते गाडीकडं निघाले.

बाकीच्या बायांना एकेकीला विचारलं. सगळ्या माझ्या आधी पोचलेल्या, सगळ्यांनी एकमेकींना बघितलेलं. त्या झोपड्यापाशी कुणी बोललं न्हाई.

एक गोष्ट मात्र डॉक्टर बोलून गेले, ती मला सोडत न्हाई. म्हणले, तुमी पुलावर थांबला आसता तर एकटेच होता. फोन लागत न्हाई, गाडी न्हाई, औषध न्हाई. तिला सोडून तुमी निघाला नसता. मी म्हणलं, नसतोच निघालो. मग त्यांनीच परत म्हणलं, पण आणखी थोडा उशीर झाला आसता तर... म्हणजे जे माझ्या पुढं चाललं होतं त्यानं मला लेकीपासून तोडलं, का मदतीपर्यंत ओढून नेलं, हे मला कळलेलं न्हाई. शिव्या द्यायच्या का हात जोडायचे, ते बी कळलेलं न्हाई. घरी आमची म्हातारी म्हणली, पुलावर नारळ फोडून या. मी गेलो न्हाई. कुणाला फोडू? कशासाठी फोडू?

घरी आल्यावर गावभर झालं. जो तो विचारायचा, आबा, नजर चुकली का काय? युरियाच्या पोत्याचं उट्टं काढायची संधी सोडणार होते का? मी भांडलो. पारावर भांडलो, हॉटेलात भांडलो, सोयऱ्यांशी भांडलो. माझी नजर चुकली न्हाई, ती मंगलच होती, तिचं कोपर, तिची बसायची ढब, कुणाच्या बापाला सांगता येणार न्हाई एवढं मला माहीत हाय. पोरगं म्हणलं, जाऊ द्या आबा. मी म्हणलं, कावून जाऊ देऊ? मी काय खोटं बोलतो का?

एक दिवस मंगल आली होती. आंगणात शेंगा फोडीत बसली होती, आमच्याकडं पाठ करून. मी घरात म्हातारीशी तोच वाद घालत होतो. म्हातारी भाकरी थापत होती, बेजार झाली होती माझ्या बडबडीनं. एकदम म्हणली,

"बरं, तुमची नजर चुकली न्हाई. पुढं गेली ती मंगलच होती. मग तुरीतनं उचलून आणली ती कोण?"

बोलली आन तिनंच पिठाचा हात तोंडावर ठेवला.

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटवली न्हाई. बाहेर मंगल कशावर तरी हसली, पोरं काहीतरी सांगत होती तिला. आमी दोघं एकमेकाकडं बघत नव्हतो.

त्या दिवसापासून मी भांडत न्हाई. कुणी विचारलं की सांगतो, चुकली बाबा माझी नजर. ऊन होतं. वय झालं. पारावर लोक हसतात, पोत्याची गोष्ट काढतात, मी बी हसतो. जन्मात कुणापुढं चुकलो म्हणलेलो न्हाई, आता रोज म्हणतो. मंगल सुट्टीला आली की तिच्या पुढ्यात ताट मी स्वतः ठेवतो आन पुरं संपेपर्यंत समोर बसतो. ती चिडती, म्हणती आबा, मी काय लहान हाय का. मी म्हणतो, खा.

ह्या पानावर लिवणारे शेवटी विचारतात, कुणाला ह्याचं कारण माहीत आसलं तर कळवा म्हणून. मला बी कारण सापडलेलं न्हाई. पण माझं मागणं उलटं हाय. तुमच्यापैकी कुणा शहाण्याला खरं काय घडलं ते कळलं, तर किरपा करून मला कळवू नका. माझी नजर चुकली एवढंच ठिवा.